पेटीत नसलेला सूर

मिरकूर, ९ एप्रिल १९९६

रोलाँ,

बत्तीस वर्षांत तुला पत्र लिहिलेलं नाही, म्हणून तब्येत वगैरे विचारत नाही. कामाचं लिहिते.

मिरेय लग्न करते आहे. तुझी मुलगी आता छत्तीस वर्षांची आहे. तू गेलास तेव्हा तीन वर्षांची होती, मधला हिशोब तुझा तू कर. मुलाचं नाव दिदिए. नान्सीला असतो, विजेच्या तारा ओढण्याचं काम करतो. कमी बोलतो आणि ताटातलं संपवतो. लग्न २४ ऑगस्टला, शनिवारी, इथल्या नगरपालिकेत. आमंत्रण ती पाठवेल.

ईस्टरला दोघं जेवायला आली होती. कोकराचं मटण वाढत होते तेव्हा तिनं विषय काढला.

"नगरपालिकेच्या पायऱ्या उतरताना खाली उर्बँकाकांची पेटी वाजली पाहिजे."

"वाजेल."

"'चौथा मजला' वाजलं पाहिजे."

"दुसरं काहीही सांग."

"दुसरं नको. आणि पुठ्ठा तू कापायचास."

"मी ते गाणं कापत नाही. पेट्या फिरवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे."

"मी पेटी फिरवणारी नाही. मुलगी आहे." मग म्हणाली, "बाबांनी ते तुझ्यासाठी लिहिलं, आई. एखादीसाठी कुणी असं लिहिलं असतं तर ती जन्मभर मिरवली असती. तू काय केलंस? दारावर पाटी लावलीस."

पाटी आहे. तुला माहीत नसेल. मी अजून तेच काम करते: हातानं फिरवायच्या पेट्यांसाठी पुठ्ठ्याच्या घड्यांना भोकं पाडते. मूठ फिरवली की पुठ्ठा पेटीतून सरकतो: एक भोक, एक सूर. लोक गाणी घेऊन येतात, मी कापून देते. १९७१ साली कंटाळून दारावर लिहून टाकलं: 'चौथा मजला' कापून मिळणार नाही. बेल्जियमहून आलेल्या एका माणसाला पाटी वाचूनच परत जावं लागलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

मिरेयला मी नाही म्हटलं. ती उठली. "पुठ्ठा नसेल तर तूही येऊ नकोस," म्हणाली. दिदिएनं माझ्याकडे बघून खांदे उडवले, हातातला पाव खिशात घातला आणि तिच्यामागे गेला. ताटं तशीच राहिली.

आता तुझ्या गाण्याबद्दल. एक माणूस चौथ्या मजल्यावर बसून जिन्यावरची पावलं मोजतो. ती एकेक मजला चढत येते, तसा सूर चढतो. शेवटच्या पायरीवर तो आणखी वर जाणार असं वाटतं, आणि तो खाली येतो. तिथं अख्खा देश रुमाल काढतो. चौतीस वर्षं काढतो आहे. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून ऐकलं आहे मी ते. खाटकाकडे ऐकलं आहे. गॅसची तक्रार करायला फोन लावला, तर वीस मिनिटं तेच. गेल्या महिन्यात कोलँ बेकरीवाला गेला, त्याला जाळताना त्याच्या बायकोनं तेच लावलं. कोलँनं तिची कुठल्याच मजल्यावर कधी वाट पाहिली नाही. तीसुद्धा त्याच पायरीवर रडली.

आपण तळमजल्यावर राहत होतो, रोलाँ. त्या घराला चौथा मजला नव्हता. दुसराही नव्हता. आणि वाट बघायचं काम माझ्याकडे होतं.

तेव्हा मिरेयला एक पत्र लिही. हे गाणं तुझ्या आईसाठी नाही, तिच्याशी त्याचा संबंध नाही, एवढंच. ती तुझं ऐकेल. जी माणसं घरात नसतात त्यांचं ती ऐकते. माझ्याकडे त्या गाण्याचा कपटाही नाही. उर्बँकाकांसाठी कापलेला जुना पुठ्ठा मी त्रेसष्ट साली शेगडीत घातला.

एलियान


मिरकूर, १४ मे १९९६

रोलाँ,

कार्ड मिळालं. मागे समुद्र, पुढे चार ओळी. 'मी नक्की येईन. पुठ्ठा तूच काप. गाणं तुझंच आहे.' खाली तीच सही, रेकॉर्डवर छापतात ती. तुझं कार्ड वाचताना मला वाटलं, रांगेत उभी राहून तुझी सही घेतलीय.

मिरेयला तू काही लिहिलं नाहीस. उलट फोन केलास. तिनं मला तीन आठवड्यांनी फोन केला तो हे सांगायला, की बाबा येणार आहेत आणि ते किती साधे आहेत. बरं.

गेल्या रविवारी तू रेडिओवर होतास. मी रेडिओ लावत नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून लावला. त्या बाईनं तुला विचारलं, "तो शेवटच्या पायरीवरचा उतरता सूर, तो कुठून आला?" तू आधी गप्प बसलास. तुझी ती गप्प बसायची सवय मला माहीत आहे, पावावर लोणी लावतानासुद्धा तू तसाच थांबायचास. मग म्हणालास, "मी पियानोपाशी होतो. जिन्यावर तिची पावलं ऐकली. ती शेवटच्या पायरीवर थांबली आणि मागे फिरली. माझा हात आपोआप खाली आला."

बाई म्हणाली, "अंगावर काटा आला."

आपल्याकडे पियानो नव्हता.

कुठून आला ते मी तुला सांगते, कारण तू खरंच विसरला असशील, अशी एक शक्यता मी शिल्लक ठेवते. फेब्रुवारी १९६२. बाहेर बर्फ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी उर्बँकाकांसाठी पुठ्ठा कापत होते. त्यांना रविवारच्या बाजारात नवीन गाणं हवं होतं आणि तुझं गाणं तेव्हा कुणी गात नव्हतं, म्हणून फुकट होतं. तुझ्या कागदावर शेवटच्या पायरीला सूर वर जात होता. जिना चढतो तसा. शाळेतल्या पोरानंही तसाच लिहिला असता. पण उर्बँकाकांच्या पेटीत सत्तावीसच सूर, सुरागणिक एक नळी. तो वरचा सूर त्यात नाही. त्याची नळीच नाही. गाणं दुसऱ्या पट्टीत नेऊन पाहिलं, तर खालची साथ तुटत होती. मग आम्ही जे करतो ते केलं. नसलेल्या सुराच्या जागी जवळचा असलेला सूर घेतला. खालचा. आमच्या धंद्यात रोज दहा वेळा होतं हे. कुणी त्यावर रडत नाही.

तू बूट न काढता आत आलास. मी पुठ्ठा उलगडून शेवटच्या पायरीचं भोक तुला दाखवलं. तू ओरडलास.

"हे काय केलंस माझ्या गाण्याचं?"

"नळी नाही."

"मग नळी असलेलं गाणं काप! माझं कशाला बिघडवतेस?"

दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. रविवारी बाजारात उर्बँकाकांनी ते वाजवलं. तू चीजच्या गाडीमागे उभा होतास. शेवटची पायरी आली, आणि कोबी निवडणाऱ्या दोन बायकांनी हात थांबवून मान वर केली. मी तुला बघत होते. तू त्या बायकांना बघत होतास. पुढच्या महिन्यात पॅरिसला रेकॉर्डिंग झालं. खालच्या सुरासकट.

मी त्या वेळी काही बोलले नाही. नवऱ्याचं भलं होत होतं.

मला तुझ्याकडून पैसे नकोत, नाव नको, रेडिओवर काही सांगायलाही नको. मिरेयला एक ओळ लिही: 'तो सूर तुझ्या आईनं घेतला, कारण पेटीत दुसरा नव्हता.' ती ओळ तिच्या हातात पडली, की मी पुठ्ठा कापीन.

एलियान


मिरकूर, ३० जून १९९६

रोलाँ,

तुझं पाकीट मिळालं. आत मिरेयसाठी सही केलेली रेकॉर्ड आणि माझ्यासाठी एक चिठ्ठी. 'अशा गोष्टी कशा घडतात हे कुणाला सांगता येतं? कला ही दोघांची असते. आपण ते तसंच राहू देऊ.'

'दोघांची' म्हणजे एकट्या तुझी, हे मला चौतीस वर्षांपूर्वी कळलं होतं. तेव्हा तू निदान असं छान लिहीत नव्हतास.

उर्बँकाका आले होते. ब्याऐंशी वर्षांचे झाले आहेत, दात नवीन बसवलेत, म्हणून सारखे हसतात. मी प्लमच्या दारूचा पेला पुढे केला आणि सगळं सांगितलं. ते हसत सुटले.

"म्हणजे, पोरी, माझ्या पेटीत नळी नव्हती म्हणून हा देश रडतोय?"

"हो."

"आणि मला वाटायचं माझ्या फिरवण्यात जादू आहे! मग मिरेयला तूच सांग की सरळ."

"तिला वाटेल मी त्याचं गाणं हिसकावते आहे."

"हिसकाव. चौतीस वर्षं तू दुसरं काय करत बसलीस? पाटी लावून? पाटी काय, उपास आहे तो. भूक लागलेली आहेच."

मी त्यांना म्हटलं, दारू संपवा आणि घरी जा.

ते गेल्यावर मी बसून राहिले. तुला एक सांगायचं आहे. ते तुझ्या उपयोगाचं नाही. मिरेय पाच वर्षांची होती. आपण राहत होतो ते घर तोवर पाडलं होतं. रेडिओवर तुझं गाणं लागलं की ती विचारायची, "बाबा कुठल्या खिडकीत बसायचे?" एकदा आम्ही नान्सीला गेलो होतो. स्टेशनसमोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर हिरव्या झडपांची खिडकी होती. मी बोट दाखवलं. "ती," म्हटलं. पोरगी रस्त्यात उभी राहून हात हलवायला लागली. त्यानंतर प्रत्येक वेळी हलवायची. मोठी झाली तरी स्टेशनबाहेर आली की एकदा वर बघते; दिदिएलाही तिनं ती खिडकी दाखवली आहे.

तेव्हा तू एकटाच खोटं बोललेला नाहीस. पण तू त्यावर जगलास. मी नुसती अडकले.

आणखी एक. जुना पुठ्ठा मी जाळलेला नाही. कपाटात चादरींच्या खाली आहे.

ए.


मिरकूर, ८ ऑगस्ट १९९६

रोलाँ,

पुठ्ठा कापते आहे.

मिरेय परवा आली. हातात मिराबेल प्लमची टोपली होती, फळं पिवळी, तडकलेली. दिदिएच्या मामाच्या झाडाची. दोघी स्वयंपाकघरात बसून बिया काढत राहिलो. तिनं गाण्याचा विषय काढला नाही. शेवटची बी काढून झाल्यावर हात पुसत म्हणाली, "तू नाही आलीस तर मी लग्न करीन. पण मग मला तो दिवस आठवायला नको असेल." मी म्हटलं, "कापते." ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली. तिच्या हातांना फळाचा वास येत होता. मी तिला काही सांगितलं नाही.

आता नीट वाच. उर्बँकाकांकडे दहा वर्षांपासून नवी पेटी आहे. बेचाळीस सूर. तो वरचा सूर तिच्यात आहे. तुझा मूळ कागद माझ्याकडे आहे, तुझ्या हातचा, वर सॉसेजच्या चरबीचा डाग आहे. त्या कागदाबरहुकूम कापते आहे मी. एकही सूर बदलत नाही. शेवटच्या पायरीला तो वर जाणार, जसा तुला हवा होता, ज्याच्यासाठी तू दोन दिवस बोलला नाहीस.

त्या दिवशी पायऱ्यांखाली उभा राहा आणि तुझं गाणं ऐक. फक्त तुझं. लोकांनाही ऐकू दे, त्यात माझं काही नसलं की काय उरतं ते. मिरेयलाही ऐकू दे. मग ती आपण होऊन विचारेल आणि उत्तर तुला द्यावं लागेल. सगळे बघत असताना.

पुठ्ठ्याला लाखेचा हात देऊन झाला आहे. शेवटची घडी वाळते आहे. बत्तीस वर्षांत मी इतकं सुबक काम केलेलं नाही.

एलियान


मिरकूर, २६ ऑगस्ट १९९६

रोलाँ,

तू आला नाहीस. सकाळी दहाला फुलांची टोपली आली, एवढी मोठी की दारातून आडवी आत घ्यावी लागली. चिठ्ठीवर घसा बसला आहे असं लिहिलं होतं. फुलं बांधणाऱ्या पोरीच्या अक्षरात. मिरेयनं चिठ्ठी वाचली, घडी केली आणि म्हणाली, "बाबांचा घसा नाजूकच आहे." मग आरशासमोर जाऊन बसली. बराच वेळ उठली नाही. मी तिच्या केसांत पिना खोचत होते. एकही पीन नीट बसत नव्हती.

काय झालं ते तुला कळायला हवं. तू नव्हतास म्हणून लिहिते.

साडेअकराला महापौर खांद्यावरून तिरंगी पट्टा लावून आले, वाचायचं ते वाचलं, दोघांनी हो म्हटलं. मी आधीच खाली जाऊन उर्बँकाकांशेजारी उभी राहिले. दार उघडलं. मिरेय पायऱ्यांवर आली. काकांनी मूठ फिरवायला सुरुवात केली.

दुसऱ्या ओळीपासून सगळे गायला लागले. दिदिएचे मामा, तारवाले मित्र, कोलँची विधवा, महापौर. मी पुठ्ठ्याकडे बघत होते. शेवटची घडी आत गेली. पेटीचा सूर वर गेला, स्वच्छ, मोठ्यानं.

आणि लोकांचा खाली आला.

एकूण एक माणसाचा. पेटी वर आणि साठ माणसं खाली, मध्ये असा कर्कश आवाज की नगरपालिकेच्या छपरावरची कबुतरं उडाली. काकांनी माझ्याकडे पाहिलं. बाकी कुणाला काही जाणवलं नाही. कोलँची विधवा डोळे पुसत होती. दुसऱ्या कडव्यानंतर पुन्हा तेच. पेटी वर, माणसं खाली. तिसऱ्या वेळी मला कळलं, माझंही तोंड चालू होतं. मीही खालीच येत होते. तू मूळचं लिहिलेलं गाणं आता ऐकवूनही कुणाला ऐकू जात नाही. माझा सगळा सूड एवढाच.

तुझ्या गाण्याला मी चौतीस वर्षं तुच्छ मानत आले. ते तुच्छ आहेच. लोक ते गातच नाहीत.

बाहेर टेबलं मांडली होती. मिरेय पेला घेऊन माझ्याकडे आली.

"आई, पेटी बिघडली होती का?"

"नाही. ह्या पेटीत एक नळी जास्त आहे."

"म्हणजे?"

"उद्या सांगते. आज नाच."

काल, रविवारी, दुपारच्या जेवणानंतर मी काकांना जुनी पेटी आणायला सांगितलं. गवताच्या कोठारात होती, सत्तावीस सुरांची. त्यांनी आणि दिदिएनं ती हातगाडीवर घालून माझ्या अंगणात आणली. पोटात उंदराचं घर निघालं. काकांनी ते काढलं, भाता ठोकून पाहिला. मी चादरींखालचा पुठ्ठा आणला आणि मिरेयच्या हातात दिला.

"घड्या उलगडून बघ. शेवटची."

कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. आम्ही काही बदललं की तिथं लिहितो, पुढच्या कापणाऱ्याला कळावं म्हणून. '९ फेब्रुवारी १९६२. वरच्या सुराची नळी नाही. खालचा घेतला. ए.' तिनं ते वाचलं. मग मी तिला तुझा कागद दिला. तिला सूर वाचता येतात, मीच शिकवलं आहे. तिनं दोन्ही शेजारी धरले.

"हा सूर तुझा आहे."

"पेटीचा आहे. पेटीत नव्हता म्हणून."

"बाबांना माहीत आहे?"

"ते चीजच्या गाडीमागे उभे होते."

काकांना बाजूला करून तिनं पुठ्ठा लावला आणि स्वतः मूठ फिरवली. पेटीतून धूळ आली, दोन नळ्या घोगऱ्या होत्या, तरी शेवटच्या पायरीवर सूर खाली आला. दिदिए भिंतीशी मिराबेल खात होता. त्याचा हात तोंडाशी थांबला. कोबीवाल्या बायकांसारखाच.

तिनं ते पाचदा वाजवलं. मग मूठ सोडली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आपण कितव्या मजल्यावर राहत होतो?"

"तळमजल्यावर."

"मग ती हिरवी खिडकी?"

"तिथं कोण राहतं मला माहीत नाही. मी कधीच वर गेले नाही."

मला वाटलं, आता उठून जाईल, ईस्टरसारखी. ती पेटीवर हात ठेवून उभी राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मी पुढे झाले तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली, "एकतीस वर्षं मी कुणाला हात हलवतेय, आई?"

दिदिए म्हणाला, "ते लोक काय म्हणत असतील?" हे त्याचं ह्या घरातलं सगळ्यात लांब वाक्य.

संध्याकाळी दोघं लग्नानंतरच्या सहलीला निघाली, त्यांना गाडीत बसवायला मी नान्सीपर्यंत गेले. स्टेशनबाहेर ती थांबली. वर पाहिलं. झडपा आता पांढऱ्या आहेत. एक म्हातारा बनियनवर कुंडीला पाणी घालत होता. मिरेयनं त्याला हात हलवला. त्यानं झारी खाली ठेवली, आजूबाजूला पाहिलं, आणि तोही हलवायला लागला.

पत्राचं उत्तर देऊ नकोस. दारावरची पाटी मी आज सकाळी काढली. खाली चार खिळ्यांची भोकं राहिली आहेत.

एलियान